सलिव्हनचं सोवळं

अमरावतीच्या तालमीत एक पोट्टा म्हणे, "दादा, सलिव्हनसारखा बॉक्सर झालाच नाई!" मी गोदी कामगार. पाठीवर पोती वाहतो, बळ ओळखतो. ठोशात दम होता, कबूल. 1882 ते 1892 हेवीवेटचा राजा. पण काळ्याशी लढणार नाही, हे त्याचं सोवळं! 1891 साली काळ्या पीटर जॅक्सननं कॉर्बेटला 61 फेऱ्या झुंजवलं. निकाल लागला नाही. पुढच्याच वर्षी त्याच कॉर्बेटनं सलिव्हनला 21 व्या फेरीत लोळवलं. मग भ्यालं कोण?

आपल्या पालवणकर बाळूनं 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेटी काढल्या. हिंदू संघाची कप्तानी मात्र त्याला कधी दिली नाही. दोस्तहो, विटाळ पाळून कमावलेला विक्रम अर्धाच मोजा. उरलेला अर्धा आमचा. तो वसूल करू!