दुसरी किल्ली

निवृत्त माणसाने भाजी निवडावी, असे आमच्या सौ.चे मत. मी मात्र संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला बसलो!

कोणती भाषा घ्यावी, म्हणून पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "काका, 'सी' नको. तिच्यात मेमरीचा हिशेब आपणच ठेवायचा असतो, आणि तुम्हाला तर चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही." तेव्हा 'पायथन' ठरली. गिदो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत विरंगुळा म्हणून ती आरंभली होती. विरंगुळ्यातून जन्मलेली भाषा पेन्शनराला मानवणारच!

काम घरचेच होते. पोखर्णी हे परभणी जिल्ह्यातले नृसिंहाचे गाव. तिथे आमचे जुने घर आहे. तिथे आईने म्हटलेल्या जात्यावरच्या सत्तर ओव्या मी ध्वनिमुद्रित करून टंकल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, माझ्या सत्तर. पण 'भाऊ' असा शब्द टंकला की भावाच्या ओव्या समोर येत आणि आईचा आवाज घुमे. आई गेल्यावरही घुमे.

एके सकाळी यंत्रातून टक्‌ टक्‌ आवाज आला आणि डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाल्याने विचारले, "दुसरी प्रत आहे ना?" मी ऐटीत म्हणालो, "आहे की! त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरात." घराची दुसरी किल्ली कुलूपबंद घरातच ठेवणाऱ्याकडे पाहावे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले.

प्रोग्रॅम तेवढा वाचला, कारण चुका काढायला तो पुतण्याकडे धाडला होता. शोधणारा शाबूत, पण शोधायला ओवी नाही! प्रोग्रॅम गेला असता तर पुन्हा लिहिता आला असता.

पोखर्णीला जाऊन थोरल्या वहिनींपुढे रडगाणे गायिले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सासूबाईंसंगं इतकी वर्षं दळलंय मी. घ्या लिहून." दोन रात्रींत बासष्ट ओव्या परत आल्या. म्हाइंभटांचे लीळाचरित्र खल्जीच्या स्वारीत हरवले, तेव्हा हिराइसेच्या पाठांतरातून ते पुन्हा उभे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. आमच्या घरची हिराइसा चुलीपाशी बसली होती!

आवाज मात्र परतला नाही. एकदा भाचीच्या मोबाइलवर पाठवलेल्या चारच ओव्या आईच्या आवाजात उरल्या. बाकीच्या आता वहिनींच्या आवाजात आहेत.

वाचकहो, तेव्हापासून माझा नेम असा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. मोबाइलमधले फोटो आपोआप इंटरनेटवर चढतात म्हणून निश्चिंत राहू नका. पुष्कळदा इकडे पुसले की तिकडेही पुसले जातात. आणि महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहा. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले पैसे.

घराबाहेरची प्रत पोखर्णीला वहिनींच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला त्या ती डिस्क पाटावर मांडणार आहेत. मी एवढेच विनवले आहे, "वहिनी, हळदकुंकू डबीवरच वाहा, तारेच्या भोकात नको!"