चाल घ्या, पण नाव सांगा

आमच्या बँडरूममध्ये सध्या एकच वाद आहे : परवानगीशिवाय दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे जोडलेले ‘मॅशअप’ ही कला की चोरी? २००४ साली डेंजर माउसने बीटल्सच्या संगीतावर जे-झीचे रॅप बसवून ‘द ग्रे अल्बम’ काढला. ईएमआय कंपनीने तो थांबवायला सांगितले. लोकांनी तरीही आवडीने ऐकला.

माझे आजोळ तंजावरकडचे. तिथल्या तिरुवारूर गावचे मुथुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या. ‘संततं पाहिमाम्’ तर ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर आहे! ओळखीची चाल नव्या वेशात भेटली की कान टवकारतात. मॅशअपची गोडी हीच.

पण दीक्षितरांनी चाल घेतली, कुणाचे ध्वनिमुद्रण नव्हे. ध्वनिमुद्रणामागे वाजवणाऱ्याची मेहनत असते. आपल्या कायद्यात त्यावर ६० वर्षे हक्क राहतो. म्हणून माझे मत असे : शिकण्यासाठी जोडतोड जरूर करावी, विकण्याआधी परवानगी घ्यावी. मित्रांनो, स्नेहसंमेलनात आपण तयार तुकडे न लावता दोन्ही चाली स्वतः वाजवू आणि मूळ संगीतकारांची नावे आधी जाहीर करू.