खुर्ची मिळाली, सत्ता कुठे आहे?

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओपनएआयच्या संचालक मंडळाने प्रमुख सॅम ऑल्टमन यांना तडकाफडकी काढले. गुंतवणूकदार मायक्रोसॉफ्टने त्यांना नोकरी देऊ केली, सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी सोडून जाण्याचा इशारा दिला. पाच दिवसांत ते परतले. मंडळावरच्या दोघीच स्त्रिया, हेलन टोनर व ताशा मॅकॉली, मात्र बाहेर. त्याच निर्णयातले ॲडम डी'अँजेलो राहिले! नव्या मंडळात तिघेही पुरुष. त्यांतल्या लॅरी समर्स यांनी २००५ साली विज्ञानात स्त्रिया कमी असण्याचे एक कारण उपजत क्षमतेत शोधले होते. मार्च २०२४मध्ये तिघी घेतल्या. पण नुसत्या खुर्च्या मोजून थांबायचे का? घेतलेला निर्णय मोडून काढण्याची ताकद कुणाकडे, हे आपण विचारलेच पाहिजे.