गाणं वारसा, मग घर अतिक्रमण कसं?

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या काहुईता गावात वॉल्टर फर्ग्युसन स्वतः रचलेली कॅलिप्सो गाणी गिटारवर गायचे, घरच्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करायचे आणि कॅसेट पर्यटकांना विकायचे. दर गिऱ्हाइकासाठी गाणी नव्याने म्हणायची, स्वतःकडे प्रत ठेवायची नाही, असा शिरस्ता. त्यामुळे त्यांची कितीतरी गाणी परदेशी गेली, ती तिकडेच राहिली. पुढे चाहत्यांनी त्या कॅसेटी हुडकण्याची मोहीम उघडली. काहुईता ज्या लिमोन प्रांतात आहे, तिथल्या कॅलिप्सोला २०१२ साली राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला. फर्ग्युसन २०२३ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी वारले.

गाण्याचा मान झाला. गाणाऱ्यांच्या जमिनीचं काय?

एकोणिसाव्या शतकात आजच्या पनामातल्या बोकास देल तोरोकडून कासवं पकडायला येणारी आफ्रिकी वंशाची माणसं या किनाऱ्यावर स्थिरावली. १८७० नंतर लोहमार्गाच्या कामासाठी जमैकातून मजूर आले. त्यांच्या वंशजांनी नारळ लावले, कोकोच्या बागा केल्या, इंग्रजी वळणाची क्रिओल बोली टिकवली. मासे आणि कंद नारळाच्या दुधात शिजवून केलेलं राँदोन हे त्यांचं घरचं कालवण आज हॉटेलांच्या पाट्यांवर झळकतं. इतकं सगळं उभं करणाऱ्या या समाजाला नागरिक म्हणून समान हक्क मिळायला मात्र १९४९ साल उजाडावं लागलं.

मग सत्तरच्या दशकात सगळं एकदमच अंगावर आलं. १९७७ च्या किनारपट्टी कायद्याने भरतीरेषेपासूनची २०० मीटर जमीन सार्वजनिक ठरवली: पहिले ५० मीटर सर्वांसाठी खुले, उरलेल्या १५० मीटरवर परवान्याशिवाय काही बांधता येत नाही. १९७८ मध्ये काहुईताला राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच सुमारास मोनिलिया बुरशीने कोकोच्या बागा बसवल्या. हातातलं पीक गेलं, कर्ज राहिलं आणि अनेकांनी जमिनी विकल्या. रस्ता आला, वीज आली, शेजारच्या पुएर्तो व्हिएहो गावच्या सर्फिंगच्या लाटांची कीर्ती जगभर पसरली. त्या जमिनींचं सोनं झालं ते पुढच्या मालकांच्या हाती.

किनारा सर्वांचा राहावा, हा कायद्याचा हेतू चांगलाच होता. पण आजोबांनी बांधलेलं लाकडी घर आणि काल उभं राहिलेलं हॉटेल यांना प्रत्यक्षात एकाच पट्टीने मोजलं जातं, हा अन्याय आहे. नकाशे, परवाने, वकील ज्याला परवडतात तो निभावतो. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याच्या दारात मात्र घर पाडण्याची नोटीस येते.

काहुईताने १९९४ मध्ये वेगळी वाट दाखवली. सरकारने उद्यानांचं प्रवेशशुल्क भरमसाट वाढवलं, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल म्हणून गावकऱ्यांनी प्लाया ब्लांकाचं प्रवेशद्वार ताब्यात घेतलं. वाटाघाटींतून उद्यानाचा कारभार शासन आणि गाव मिळून पाहू लागले, आणि तिथे पुढे वर्षानुवर्षे पर्यटक ऐच्छिक देणगी देऊन आत जात राहिले. गावातल्या खाणावळींना आणि वाटाड्यांना त्यातून रोजगार मिळाला.

पुएर्तो व्हिएहोपासून मान्सानियोपर्यंतच्या गावांनाही असाच कारभाराचा अधिकार हवा. आणि त्याआधी, १९७७ पूर्वीपासून तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या घरांना कायद्याने मान्यता मिळायला हवी.