सोलिंगनच्या दोन तारखा

सोलिंगन हे नाव माझ्या वयाच्या वाचकांनी पहिल्यांदा वाचले असेल ते केशकर्तनालयात, वस्तऱ्याच्या पात्यावर. जर्मनीतले हे गाव शतकानुशतके चाकू, कात्र्या आणि वस्तरे घडवत आले आहे. ‘पात्यांचे शहर’ असे बिरुदही ते अधिकृतपणे मिरवते. पण जगाच्या वर्तमानपत्रांत हे नाव पहिल्या पानावर आले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा रक्ताने माखून आले. पहिली तारीख २९ मे १९९३. दुसरी २३ ऑगस्ट २०२४. आश्रयाला आलेल्या परक्यांचे काय करायचे, त्यांच्यामुळे गुन्हे वाढतात का, आणि वाढत असतील तर जाब कुणाला विचारायचा, हा वाद युरोपभर पेटला आहे. तो सारा या दोन तारखांच्या मध्ये मावतो.

आधी पहिल्या तारखेकडे जाऊ. १९४९ साली पश्चिम जर्मनीची राज्यघटना लिहिली गेली, तेव्हा राजकीय छळ सोसणाऱ्याला आश्रयाचा हक्क राहील, असे मूळ जर्मनमध्ये अवघ्या चार शब्दांचे वाक्य तिच्यात घातले गेले. ती घटना लिहिणाऱ्यांपैकी काही जण स्वतः हिटलरच्या काळात परागंदा झालेले होते. दार बंद असणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे बर्लिनची भिंत पडली, युगोस्लाव्हिया फुटला आणि १९९२ या एका वर्षात आश्रयासाठी ४ लाख ३८ हजार अर्ज आले. त्या ऑगस्टमध्ये रोस्टॉक शहरात नोंदणी केंद्राबाहेर माणसे उघड्यावर गवतात झोपत होती. आत जागा नव्हती आणि दुसरी सोय करण्याची कुणाला घाई नव्हती. मग जमाव जमला, दगड आले, पेटत्या बाटल्या आल्या. व्हिएतनामी कामगार राहत होते त्या इमारतीला आग लागली तेव्हा पोलीस मागे हटलेले होते आणि हजारो लोक टाळ्या वाजवत उभे होते.

यातून सरकारने निष्कर्ष काय काढला? अर्जदार फार झाले! २६ मे १९९३ रोजी संसदेने दोनतृतीयांश मतांनी घटना बदलली. सुरक्षित देशातून आलेल्याला हा हक्क सांगता येणार नाही, असे ठरले. आणि जर्मनीचे सगळेच शेजारी सुरक्षित असल्यामुळे जमिनीवरून येणाऱ्याला ते वाक्य कागदावरच उरले. बरोबर तीन दिवसांनी सोलिंगनमध्ये चार जर्मन तरुणांनी रात्री एका घराला आग लावली. त्यात पाच बायका-मुली मेल्या. सर्वांत धाकटी चार वर्षांची होती.

हे गेन्च कुटुंब आश्रयाला आलेले नव्हतेच. जर्मनीला कामगार हवे होते म्हणून तुर्कस्तानातून ज्यांना बोलावले, त्या पिढीतले ते घर. वीसेक वर्षे तिथे राबलेले. घरातल्या कर्त्या बाई मेव्ल्युदे गेन्च यांच्या दोन मुली, दोन नाती आणि नात्यातली एक मुलगी त्या रात्री गेली. त्यानंतरही त्या सोलिंगन सोडून गेल्या नाहीत, आणि जिथे जिथे बोलल्या तिथे सलोख्याचेच बोलल्या. १९९६ साली जर्मनीने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. २०२२ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर दोन वर्षांत त्यांच्याच गावात जे घडले ते पाहायला त्या नव्हत्या, याचे बरे वाटून घ्यावे की नाही, मला ठरवता येत नाही.

मधल्या काळातले मोठे पर्व २०१५चे. सीरियात यादवी माजलेली, माणसांचे लोंढे युरोपात येत होते. ३१ ऑगस्टला चॅन्सेलर अँजेला मर्केल यांनी ‘आपल्याला हे जमेल’ असे देशाला सांगितले. त्या वर्षी सुमारे ८ लाख ९० हजार माणसे जर्मनीत आली. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे मला या ठिकाणी आपले कर्जमेळावे आठवतात. मांडव, हारतुरे, मंत्र्यांचे भाषण आणि एका दिवसात शेकडो कर्जे. हेतू वाईट नव्हता. ज्याला सावकाराच्या ओटीशिवाय जागा नव्हती त्याला बँकेची पायरी चढायला मिळत होती. पण मांडव उठल्यावर शाखेत तोच एक फील्ड ऑफिसर आणि तेच दोन क्लार्क. म्हैस खरोखर घेतली का, गोठा आहे का, पत्ता खरा का, हे बघायचे कुणी? एकच म्हैस दोन-तीन कर्जांवर दाखवल्याच्या कथा आम्हा बँकवाल्यांत चवीने सांगितल्या जात.

जर्मनीत तेच झाले, फक्त म्हशीच्या जागी माणसे होती. अनिस अमरी नावाचा ट्युनिशियाचा तरुण तिथे चौदा वेगवेगळ्या ओळखींनी वावरत होता. जून २०१६ मध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला, पण ट्युनिशिया त्याचे कागद देईना म्हणून त्याला परत पाठवता आले नाही. तो धोकादायक आहे अशी पोलिसांकडे नोंदही होती. १९ डिसेंबर २०१६ रोजी त्याने बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घातला. त्या दिवशी बारा माणसे मेली. तेरावा जखमी पाच वर्षांनी गेला. ट्युनिशियाचे कागद आले २१ डिसेंबरला.

आणखी एक प्रकरण याहून विलक्षण आहे. ते मी कादंबरीत घातले असते तर संपादकांनी अतिरंजित म्हणून परत पाठवले असते. जर्मन लष्करातला एक अधिकारी सीरियाचा निर्वासित म्हणून नोंदणीला गेला. त्याला अरबी येत नव्हते. मुलाखत फ्रेंचमध्ये झाली. तरीही त्याला संरक्षण मंजूर झाले! हा गृहस्थ कडव्या उजव्या विचारांचा होता. २०१७ मध्ये तो पकडला गेला आणि हल्ल्याची तयारी केल्याबद्दल २०२२ मध्ये त्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे साधे बचत खाते उघडायला गेलात तर विजेचे बिल मागतात हो.

पण दोष एकट्या कचेरीचा नाही. २०१५च्या वर्षअखेरच्या रात्री कलोन शहरात रेल्वे स्टेशनसमोर शेकडो स्त्रियांना गर्दीने घेरले, लुटले, त्यांची विटंबना केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या पत्रकात रात्र बहुतांशी शांततेत गेल्याचे लिहिले होते. पुढे सुमारे बाराशे तक्रारी आल्या, संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले तरुण मोठ्या संख्येने निघाले आणि पोलीसप्रमुखांना घरी जावे लागले. परक्यांविरुद्ध द्वेष वाढू नये म्हणून काही गोष्टी हळू आवाजात बोलाव्यात, असे मानणारा एक सज्जन वर्ग सगळीकडे असतो. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण ज्या मुलीने ती रात्र भोगली तिला जेव्हा कळते की आपल्याविषयी बोलणे गैरसोयीचे आहे, तेव्हा ती ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जाते. आणि मोठा आवाज कुणाचा होता, ते पुढच्या निवडणुकांनी दाखवले.

आता दुसरी तारीख. २३ ऑगस्ट २०२४ला सोलिंगन आपला साडेसहाशेवा वाढदिवस साजरा करत होते. त्या उत्सवात एका सीरियन तरुणाने चाकू चालवला. तिघे मेले, अनेक जखमी झाले. ‘इस्लामिक स्टेट’ने जबाबदारी घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. गुन्हेगाराविषयी मला याहून अधिक लिहायचे नाही. माझे लक्ष खिळले ते त्याच्या फायलीवर.

तो २०२२च्या अखेरीस बल्गेरियामार्गे आला होता. युरोपातल्या त्या वेळच्या डब्लिन नियमानुसार, ज्या देशात पहिली नोंद झाली त्या देशाने अर्ज पाहायचा. बल्गेरिया त्याला परत घ्यायला तयार होता. जून २०२३ मध्ये त्याला न्यायला पथक रात्री पाडरबोर्नच्या वसतिगृहात गेले. तो खोलीत नव्हता. पथक परतले. दुसरा प्रयत्न झाला नाही. तो त्याच दिवशी नंतर वसतिगृहात होता, पण ते संबंधित खात्याला कळवले गेले नाही, असे राज्याच्या मंत्र्यांनीच मागाहून सांगितले. फरारी म्हणून नोंद केली असती तर मुदत अठरा महिन्यांपर्यंत वाढली असती. तीही केली नाही. सहा महिन्यांची मुदत संपली, जबाबदारी जर्मनीवर आली आणि पुढे त्याला तिथेच संरक्षण मिळाले.

हे वाचताना कुणाही बँकवाल्याच्या अंगावर काटा येईल. आमच्याकडे प्रॉमिसरी नोटेला तीन वर्षांची मुदत असते. त्याआधी कर्जदाराची सही घेतली नाही तर कागद ‘टाइमबार’ होतो. मग कर्ज कितीही खरे असो, कोर्ट दारात उभे करत नाही. म्हणून वसुलीला गेल्यावर घराला कुलूप दिसले तर ‘घर बंद आढळले’ एवढे लिहून कुणी परत येत नसे. शेजारी विचारायचे, चौकातल्या टपरीवर विचारायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. यात शौर्य नाही, विचारसरणी नाही. डायरीत तारखेभोवती लाल वर्तुळ काढण्याचे काम आहे. आणि तरीही कागद टाइमबार झालाच, तर मुख्य कचेरी काय करते? सर्क्युलर काढते. सगळ्याच लहान कर्जांना दोन जामीनदारांऐवजी तीन. ज्याने बुडवले तो निवांत, आणि उद्या शिलाई मशीनसाठी येणारी विधवा तिसरा जामीनदार शोधत हिंडते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सोलिंगननंतर आठवडाभरात २८ अफगाण गुन्हेगारांना विमानाने काबूलला पाठवण्यात आले. १६ सप्टेंबरपासून सर्व भूसीमांवर तपासणी सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये नवे कायदे झाले. हे सगळेच चूक होते असे मी म्हणत नाही. शिक्षा झालेल्या परकीय गुन्हेगाराला परत पाठवणे मला रास्त वाटते. पण यातल्या कोणत्या उपायाने पाडरबोर्नच्या त्या खोलीचे दार दुसऱ्यांदा ठोठावले गेले असते? जानेवारी २०२५ मध्ये आशाफेनबुर्गच्या बागेत बालवाडीच्या मुलांवर एका अफगाण माणसाने हल्ला केला; दोन वर्षांचा मुलगा आणि मध्ये पडलेले एक गृहस्थ मेले. तिथेही पुन्हा बल्गेरिया आणि पुन्हा टळलेली मुदत. आठवडाभरातच संसदेत ख्रिश्चन डेमोक्रॅटांनी कडक धोरणाचा ठराव अतिउजव्या ‘आल्टरनेटिव्ह’ पक्षाच्या मतांवर संमत करून घेतला, आणि देशभर निषेध सुरू झाला तो या मतांच्या सोयरिकीवरून. मुदत का टळली, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. फेब्रुवारीच्या निवडणुकीत त्या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. कायदा बदलला की बातमी होते. कारकून नेमला की होत नाही.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. एवढी माणसे आल्यावर कुठलीही कचेरी कोलमडणारच. म्हणून किती घ्यायचे हे ठरवणे हाही जबाबदारीचाच भाग आहे. खरे आहे. झेपेल तेवढेच घ्यावे, पण घेतलेल्याचा हिशेब ठेवावा. आकडेही झाकू नयेत आणि अर्धे सांगू नयेत. २०२३च्या जर्मन पोलीस आकडेवारीत संशयितांपैकी सुमारे ४१ टक्के परकीय नागरिक होते. व्हिसा-परवान्याचे गुन्हे वगळले तर सुमारे ३४. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी होते, तेव्हा प्रश्नच नाही असे म्हणणे ही फसवणूक आहे. पण हे संशयित आहेत, दोषी ठरलेले नव्हेत. त्यांत प्रवासीही मोजले जातात. आणि येणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त असतात. तरुण पुरुष कुठल्याही देशाच्या तुरुंगात जास्तच असतात. दुसऱ्या बाजूला जर्मन इस्पितळांत पाच हजारांहून अधिक सीरियन डॉक्टर काम करत होते, हाही सरकारी हिशेबातलाच आकडा.

जर्मनीला शहाणपण शिकवणारे आपण कोण, असेही कुणी म्हणेल. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. तरी १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली तेव्हा सरकारने टपालावर पाच पैशांचा जादा स्टँप लावला. माझ्या लहानपणी तो प्रत्येक पाकिटावर असे. खर्च कशाचा आणि भार कुणावर, हे पोस्टमनलाही ठाऊक होते.

हा विषय आता परका राहिलेला नाही, कारण आपल्या ओळखीत कुणी ना कुणी जर्मनीत शिकते किंवा नोकरी करते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करारही केला. ही मुले आश्रयार्थी नाहीत, बोलावलेली आहेत. पण बोलावलेले तर गेन्चही होते. २००७ साली म्युगेल्न नावाच्या गावच्या जत्रेत जमावाने आठ भारतीयांचा पाठलाग केला, तेव्हाही कुणी व्हिसा पाहायला थांबले नव्हते. तेव्हा ओळखीचे आईबाप ‘मुलीला पाठवू का?’ असे विचारतात, त्यांना मी हसून सोडत नाही. पाठवा, असेच सांगतो. तो देश कायद्याने चालणारा आहे. पोहोचल्यावर पहिले काम मात्र पत्त्याचे करायला सांगा म्हणतो. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत कचेरीत जाऊन नोंद करावी लागते, उशीर झाला तर दंड होऊ शकतो, आणि त्या बाबतीत तिथले कारकून फार काटेकोर आहेत.