शेफच्या घरी सण नसतो?



"मुलगा शेफ आहे? मग सणावाराला घरी नसणार!" असं म्हणून चांगली स्थळं परत जातात. नाही म्हणणाऱ्या आपणच, आणि दिवाळीत हॉटेलचं टेबल बुक करणाऱ्याही आपणच. आपल्या सुट्टीसाठी कुणाचा तरी बाबा तेव्हा भट्टीसमोर उभा असतो.

मुळात आपल्या दिवाळीची वेळ कोणती? भगवान महावीरांचं निर्वाण अमावस्येच्या पहाटेचं. निर्वाणलाडू सकाळी चढतो आणि हॉटेलची गर्दी रात्री होते. रात्री एकला येऊन झोपलेल्या माणसाला पहाटे उठवणं जिवावर येतं, मान्य. पण वर्षातून एकदाच ना!

तिथी हलत नाही, जेवणाची पंगत हलते. भाऊबीजेचं जेवण त्याच्या सुट्टीच्या मंगळवारी ठेवलं तर नणंदबाई रुसतील, एवढंच. रुसू द्या.

आणि सुट्ट्या मागायला काय होतं? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वीस किंवा जास्त कामगारांच्या हॉटेलांनाही वर्षाला ८ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्यांत अनंत चतुर्दशी का नको? दशलक्षणाचा शेवटचा दिवस आपला, विसर्जन बाकीच्यांचं. किचनमधले सगळे हो म्हणतील. नवऱ्याला आजच विचारा, यंदाच्या चार कोणत्या ठरल्या, आणि ठरवताना त्याला कुणी विचारलं होतं का.