3 डिसेंबरपर्यंत आकडे जाहीर करा, नाहीतर प्रत्येक लेकराची वेगळी तक्रार

बुलढाणा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, प्राथमिक शिक्षणाधिकारी आणि तेराही पंचायत समित्यांचे गटशिक्षणाधिकारी यांना हा जाहीर इशारा आहे. आजवर आम्ही दिव्यांग मुलांचे पालक शाळेच्या पायरीवर हात जोडत आलो. आता थेट आपल्याला विचारतो, कारण कायद्याने जबाबदारी आपल्यावर टाकली आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलणं अडखळतं, पण हिशेब तिला दोनदा समजावावा लागत नाही. पहिलीत नाव घातलं तेव्हा शाळेत मला सांगितलं गेलं, "भाऊ, पटावर नाव राहू द्या, पोरीला घरीच ठेवा, परीक्षेला तेवढी आणा." दोन वर्षं मी ते मुकाट ऐकलं. मग एकदा हजेरीपट पाहायला मिळाला. ज्या महिन्यात ती अंथरुणावरून उठली नव्हती, त्या महिन्यात तिच्या नावापुढे रोजची हजेरी होती. शाळेचं नाव मी लिहीत नाही. एका मुख्याध्यापकावर कारवाई करून हा विषय मिटवला जाऊ नये.

या खोट्या हजेरीने काय होतं ते समजून घ्या. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरायचं, हा आपल्याच राज्याच्या सर्वेक्षणांचा निकष आहे. हजेरी भरली की मूल त्या यादीतून जातं. यादीत नाही म्हणून त्याच्या घरी कोणी येत नाही. मूल रोज शाळेत येतंय असं कागद म्हणतो, मग त्याला मदतनीस कशाला, रॅम्प कशाला, विशेष शिक्षक कशाला? एका खोट्या खुणेने लेकराची गरजच पुसली जाते.

शिक्षणाचा हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याचं कलम 9 स्थानिक प्राधिकरणाला बांधून घालतं. हद्दीतल्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि त्याचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होणं, या तिन्हींवर देखरेख ठेवायची आहे. पटनोंदणीवर काम संपत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेशही त्याच कलमात आहे. 2012 च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. तो पर्याय मुलाचा आणि पालकांचा आहे, शाळेचा नाही. गृहाधारित शिक्षणात शिक्षक घरी येतो, मुलाला शिकवतो, नोंद ठेवतो. "घरीच ठेवा" म्हणणं म्हणजे मुलाला शाळेतून काढणं, आणि यापुढे आम्ही त्याला तेच नाव देऊ.

आणखी एक नुकसान कुठल्याच तक्त्यात येत नाही. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, पाठोपाठ कापूस वेचायला लागला, की आईबाप पहाटेच शेतात. घरी राहिलेल्या दिव्यांग भावाजवळ कोण बसणार? बहीण बसते. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर कुटुंबं निघतात, तेव्हा म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर दोघं मागे राहतात. एका मुलाला शाळेत नेण्याची सोय नाही म्हणून दोघांची शाळा सुटते. दुसरी बहुधा मुलगीच असते. जिजाऊंचं सिंदखेड राजा ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात मला हे लिहावं लागतं याची लाज वाटते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं वेगळंच. संग्रामपूर तालुक्यातल्या टुनकी-सोनाळ्याच्या माणसाला जिल्हा रुग्णालयात तपासणीला बोलावलं, तर जळगाव जामोद, नांदुरा, मोताळा करत, राजूर घाट चढून यावं लागतं, पाठीवर मूल घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून. "पुढच्या तारखेला या" हे शब्द घाटाखालच्या बाईला किती महाग पडतात, हे घाटावरच्या टेबलाला कळत नाही.

विशेष शिक्षकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी रजनीश कुमार पांडे खटल्यात प्रमाण सांगितलं: प्राथमिकला 10 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक, त्यापुढे 15 मुलांमागे एक. राज्याने 2024 मध्ये केंद्रस्तरावर 4,860 पदं मंजूर केली. म्हणजे एका केंद्राला एक, आणि त्या एकाने केंद्रातल्या साऱ्या शाळा फिरायच्या. आपल्या जिल्ह्यात कोणत्या केंद्रात कोण नेमलं आहे आणि ते कोणत्या वारी कोणत्या शाळेत असतात, हे शाळेच्या फळ्यावर लिहा. गुपित ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

म्हणून येत्या 3 डिसेंबरपर्यंत, जागतिक दिव्यांग दिनापर्यंत, आम्हाला हे हवं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17 नुसार दर पाच वर्षांनी व्हायच्या सर्वेक्षणाचे तालुकानिहाय आकडे जाहीर करा. मुलांची नावं नकोत, ती उघडी करू नका. प्रत्येक पालकाला आपल्या मुलाच्या हजेरीची प्रत द्या आणि शिक्षणाचा लेखी आराखडा द्या, त्यात प्रवास आणि मदतनीस भत्ता कधी मिळणार हेही असू द्या. प्रमाणपत्राची शिबिरं तालुक्याला घ्या. स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी कशावर खर्च झाला, ते जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी फलकावर लावावं. त्या दिवशी सत्कार, केक, फोटो यांचा कार्यक्रम ठेवणार असाल तर आमची मुलं मंचावर येणार नाहीत.

हे झालं नाही तर 4 डिसेंबरला शिक्षणाचा हक्क कायद्याच्या कलम 32 खाली लेखी तक्रारी दाखल होतील. एकत्र निवेदन नाही. एका मुलामागे एक तक्रार, प्रत्येकीवर वेगळा आवक क्रमांक. ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय देणं आपल्यावर बंधनकारक आहे. 4 मार्च उलटला की राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपिलं जातील, पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 89 खाली दंडाची मागणी जाईल. त्या कलमात पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्याला 50,000 ते 5 लाख रुपये दंड आहे. तरीही हललं नाही तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. ज्या हजेरीपटावर खोट्या खुणा आहेत, त्यावर सह्या कोणाच्या आहेत हेही तिथे विचारलं जाईल.

अर्ज लिहून तयार आहेत. माझ्या मुलीचा सर्वांत वर आहे. फक्त तारीख टाकायची राहिली आहे.